बोनस येण्याआधी खर्च झालेली दिवाळी : ठाण्यातील एका कुटुंबाचे प्रकरण

निवृत्त होण्यापूर्वी मी बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काम केले. त्यामुळे नौपाड्यातील माझ्या घरी ओळखीची माणसे अजूनही हिशेबाचे कागद घेऊन येतात. पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका कुटुंबाचे असून ते त्यांच्या संमतीने लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. पती-पत्नींना मी येथे दादा आणि वहिनी म्हणेन. या घरात कोणीही उधळ्या स्वभावाचे नाही, ही गोष्ट आधीच सांगणे मला आवश्यक वाटते, कारण सणातील कर्जाविषयी बोलताना आपण फार लवकर माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवतो.

पार्श्वभूमी

हे कुटुंब वर्तकनगरमध्ये राहते. दादा वागळे इस्टेटमधील यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात आणि त्यांच्या हातात दरमहा ४६,००० रुपये येतात. वहिनी सकाळी बालवाडीत शिकवतात आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेतात. त्यांचे उत्पन्न साधारण १४,००० रुपये आहे. घरात दादांच्या आई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा आहे. घरकर्जाचा हप्ता २१,५०० रुपये असल्यामुळे महिनाअखेरीस हातात फारसे काही उरत नाही, तरीही मुलीच्या नावाने पतपेढीत दरमहा २,००० रुपयांची आवर्त ठेव नियमित भरली जात होती.

दिवाळीचा खर्च दरवर्षी बोनसमधून होत असे. २०२३ मध्ये दादांना ३८,००० रुपये बोनस मिळाला होता आणि २०२४ मध्येही तेवढाच मिळेल, असे घरात सर्वांनी धरले होते. बोनसविषयीच्या १९६५ च्या कायद्यानुसार किमान ८.३३ टक्के बोनसचा हक्क मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांना होता. दादांचे वेतन त्या मर्यादेच्या वर असल्याने त्यांना मिळणारी रक्कम सर्वस्वी व्यवस्थापनाच्या मर्जीवर होती. हे दादांना माहीत नव्हते असे नाही, परंतु सलग काही वर्षे मिळालेला पैसा आपल्याला हक्काचा वाटू लागतो आणि मग तो खात्यात येण्याची वाट पाहण्याचीही गरज वाटत नाही.

अडचण कशी वाढत गेली

३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटस्थापना होती. त्या दिवशी क्रेडिट कार्डावर ३६,००० रुपयांचा फ्रिज घेण्यात आला. जुन्या फ्रिजच्या दाराचे रबर गेले होते आणि दार बंद राहावे म्हणून त्याला स्टूल टेकवून ठेवावे लागत होते, त्यामुळे ही खरेदी चैनीची नव्हती. ऑनलाइन सेलमध्ये नऊ महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ हप्ता मिळाला, दरमहा ४,००० रुपये. गोखले रोडवरील एका दुकानदाराने तोच फ्रिज रोख ३३,५०० रुपयांना देऊ केला होता. मात्र एवढी रोख रक्कम हाताशी नव्हती आणि व्याज नाही म्हटल्यावर दुकानदाराच्या भावाचा विचारही कोणी केला नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजना चालवण्यास मनाई केली. तेव्हापासून अशा योजनेत बँक व्याज लावतेच आणि तेवढी रक्कम विक्रेता किमतीत सूट म्हणून देतो. त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी मात्र ग्राहकाच्याच माथी येतो. दादांच्या बाबतीत हा कर नऊ महिन्यांत मिळून सुमारे ३८६ रुपये आणि प्रक्रिया शुल्क करासह २३५ रुपये झाले. रोखीच्या भावातील २,५०० रुपयांचा फरक त्यात मिळवला, तर व्याज नसलेला हा हप्ता ३,१०० रुपयांहून अधिक महाग पडला.

तरीही खरी अडचण फ्रिजमुळे आली नाही. दिवाळीसाठी वहिनींच्या मनात एक अंदाज होता : कपडे १२,०००, फराळ आणि सुकामेवा ६,०००, भेटी आणि ओवाळणी ५,०००, कंदील, पणत्या, फटाके आणि इतर किरकोळ ४,०००, एकूण २७,०००. बोनस ३८,००० आला की ११,००० उरतील आणि त्यांतून फ्रिजचे पहिले हप्ते जातील, असा हिशेब होता. हा हिशेब कागदावर कधी उतरला नाही आणि दादांच्या मनातला आकडा वेगळा होता. भेटींची जबाबदारी आपली असून कपड्यांचे वहिनी पाहतील, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते.

प्रत्यक्षात कपड्यांवर २१,४०० रुपये गेले, कारण मुलांचे कपडे आधी ऑनलाइन घेतले, त्यातले दोन मापाला बसले नाहीत, ते परत करण्याची मुदत टळली आणि मग राम मारुती रोडवर पुन्हा खरेदी झाली. फराळ आणि सुकामेव्याचे ९,८०० झाले. किरकोळ खर्च ७,३०० वर गेला. धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला, आईंच्या इच्छेखातर एक ग्रॅम सोने घेतले, त्याचे ८,४०० झाले, आणि ते तर कोणाच्याच अंदाजात नव्हते. सर्वांत मोठी तफावत भेटी आणि ओवाळणीत होती : ५,००० च्या जागी १७,५००. आदल्या वर्षी दादांच्या थोरल्या बहिणीने भाच्याला सायकल आणली होती. तिची परतफेड तोलामोलाची व्हायला हवी, असे दादांना वाटले, आणि थोरलीला भारी साडी दिल्यावर धाकटीला हलकी देता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

एकूण खर्च ६४,४०० रुपये झाला. २५ ऑक्टोबरला बोनस आला तो २२,००० रुपयांचा. त्या दिवसापर्यंत बहुतेक खरेदी उरकली होती. पगारातून ४,४०० काढले, तरी ३८,००० रुपये कार्डावर राहिले.

नोव्हेंबरच्या बिलात दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले होते, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. वहिनींनी ते बिल जपून ठेवले होते आणि मार्चमध्ये माझ्यासमोर उलगडले, तेव्हा किमान रकमेभोवती निळ्या पेनाने केलेले गोल मला दिसले. तेवढे भरले की त्या महिन्याचे बिल मिटते, अशी दोघांची प्रामाणिक समजूत होती. फ्रिजचा हप्ता आणि उरलेल्या रकमेच्या ५ टक्के एवढे ते चार महिने न चुकता भरत राहिले. कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.६ टक्के, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के होता आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय मागील बिल पूर्ण फेडले नाही, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दरमहा २,५०० रुपयांचा किराणा ते कार्डावरच भरत होते, त्यामुळे तांदूळ आणि तेलावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू झाले होते.

चार महिन्यांत हप्त्याव्यतिरिक्त त्यांनी ८,३६० रुपये भरले. त्याच काळात व्याज आणि कर मिळून ७,६८० रुपये लागले आणि किराण्याचे १०,००० जमा झाले. ३८,००० ची थकबाकी मार्च २०२५ च्या बिलात ४७,३२० झाली होती.

समोर असलेले पर्याय

वहिनी माझ्याकडे आल्या त्या वेगळाच प्रश्न घेऊन. नव्या शैक्षणिक वर्षाची फी भरायची होती आणि त्यासाठी पाटल्या गहाण ठेवाव्यात का, असे त्यांनी विचारले. “काकू, माहेरच्या आहेत, म्हणून यांना अजून सांगितलेलं नाही,” असे त्या म्हणाल्या. फीची अडचण ही कार्डाच्या थकबाकीची सावली आहे, हे बिले पाहिल्यावरच माझ्या ध्यानात आले. पुढचे बोलणे दोघांसमोरच करायचे, अशी अट मी घातली आणि रविवारी दादाही आले.

आम्ही चार मार्ग तपासले. पाटल्यांवर बँकेचे सोनेतारण कर्ज मिळाले असते आणि त्याचा दर कार्डाच्या तुलनेत फार कमी पडला असता. कार्ड देणाऱ्या बँकेकडून थकबाकीचे हप्ते करून घेता आले असते, पण त्यात नव्याने प्रक्रिया शुल्क होते आणि कार्ड वापरात राहण्याचा धोका होता. धाकट्या बहिणीच्या यजमानांकडून हातउसने मिळाले असते, परंतु दादांना ते नको होते आणि त्यांचे ते म्हणणे मला पटले, कारण ज्या नात्यातील देण्याघेण्याने ही वेळ आणली, त्याच नात्यावर आणखी भार टाकणे बरे नव्हते. चौथा मार्ग मुलीच्या आवर्त ठेवीचा होता. तीत ३१,००० रुपये जमले होते.

याच ठिकाणी सर्वांत अधिक वेळ गेला. “ते मुलीचे पैसे आहेत, त्यांना हात लावायचा नाही,” असे वहिनींनी ठामपणे सांगितले. मी त्यांना वहीच्या एका पानावर दोन ओळी लिहून दाखवल्या. ठेवीवर वर्षाला सुमारे ७ टक्के मिळत होते आणि कार्डाला ४३ टक्क्यांहून अधिक द्यावे लागत होते. म्हणजे त्या ३१,००० रुपयांवर वर्षाकाठी २,२०० रुपयांच्या आसपास मिळवण्यासाठी तेवढ्याच थकबाकीवर कराशिवाय १३,००० हून अधिक जात होते. वहिनी बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, “हे तिला सांगून काढायचं. लपवून नाही.” माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता आणि तो माझ्या गणिताने नव्हे, तर त्यांच्या या एका वाक्याने पक्का झाला.

काय केले

मुलीला समोर बसवून सर्व सांगितले आणि ठेव मोडली. मुदतीपूर्वी मोडल्यामुळे व्याज थोडे कमी मिळाले. ३१,००० रुपये कार्डाला भरल्यावर उरलेले १६,३२० एप्रिल, मे आणि जून अशा तीन महिन्यांत फेडायचे ठरले. शाळेला विनंती करून फी दोन हप्त्यांत भरली. पाटल्या घरातच राहिल्या. कार्ड आईंच्या कपाटात गेले आणि किराणा रोखीने येऊ लागला. जुलैच्या बिलात २१८ रुपये व्याज पुन्हा दिसले, तेव्हा दादा घाबरून फोन करू लागले. बिल तयार झाल्यापासून पैसे भरण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते, त्यामुळे शेवटची रक्कम भरल्यानंतरही एक बिल पाहावेच लागते, हे मी त्यांना आधी सांगायला हवे होते.

फ्रिजचा नववा हप्ता जूनमध्ये संपला. जुलैपासून ते ४,००० रुपये पगाराच्याच दिवशी एका वेगळ्या बचत खात्यात टाकायला आम्ही सुरुवात केली. ऑक्टोबरपर्यंत त्यांचे १६,००० होणार होते आणि जूनमध्ये आलेल्या नव्या शिकवणीचे दरमहा १,५०० याप्रमाणे चार महिन्यांचे ६,०००. अशा रीतीने २०२५ च्या दिवाळीसाठी २२,००० रुपयांची मर्यादा ठरली. बोनस तीत धरला नाही. आधी यादी करून मग बेरीज करण्याऐवजी आधी बेरीज ठरवून तिच्यात यादी बसवायची, एवढाच हा बदल होता, पण घरातील बोलण्याचा सूर त्याने पालटला. आधी ‘अजून काय राहिलं?’ असे विचारले जाई, आता ‘हे घेतलं तर काय सोडायचं?’ असे विचारले जाऊ लागले.

मध्येच एक मोठा मोह आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि दादांच्या मनात बरेच दिवस असलेला ४३ इंचांचा टीव्ही स्वस्त झाला. दहा टक्के वाचतील, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात करासह ३२,००० रुपयांची किंमत २९,५०० वर येते, म्हणजे बचत ७.८ टक्के, २,५०० रुपये. हा आकडा पाहून दादांनी स्वतःच प्रश्न केला की, कराचा नवा दर दिवाळीनंतरही राहणारच आहे, तर घाई कशासाठी? टीव्ही घेतला नाही.

ओवाळणीचा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटणारा नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दादांनी दोन्ही बहिणींना फोन केले. “अगं ताई, या वर्षी साड्या-वस्तू नको, ५०१ ची ओवाळणी आणि सगळ्यांनी मिळून जेवण, एवढंच करू,” असे त्यांनी सुचवले. धाकटीने लगेच होकार दिला. थोरली मात्र गप्प झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, “बरं. तुला जड जात असेल तर राहू दे.” तिने भाच्यांसाठी खरेदी आधीच करून ठेवली होती.

निष्पत्ती

२०२५ मध्ये कपड्यांवर ९,९०० रुपये खर्च झाले. मापे वहीत लिहून घेऊन एकाच संध्याकाळी गोखले रोडवर सर्व खरेदी उरकली. फराळाचे ६,४०० झाले. चिवडा आणि शंकरपाळी घरी केली, चकली आणि अनारसे शेजारच्या वसाहतीतील बायकांकडून घेतले आणि सुकामेवा जांभळी नाक्यावरून आणला. कंदील, पणत्या, रांगोळी आणि उटणे यांना २,३०० लागले. ओवाळणी आणि भेटींना ४,१०० लागले. धनत्रयोदशीला नवे सोने न घेता आदल्या वर्षीच्याच सोन्याची पूजा केली आणि आईंनी त्याला हरकत घेतली नाही.

हे सर्व मिळून २२,७०० होते, म्हणजे मर्यादा जवळपास पाळली गेली. परंतु यादीत एक ओळ आम्ही विसरलो होतो, ती दिवाळीच्या पोस्ताची. घरकाम करणाऱ्या मावशींना एका महिन्याचा पगार, वॉचमन, सफाई कामगार, कचरा नेणारा मुलगा, असे मिळून ३,८०० रुपये लागले. पैसे कमी पडताहेत म्हणून मावशींचे पोस्त अर्धे करावे का, असा विषय निघाला, तेव्हा वहिनींनी तो तेथेच थांबवला आणि मला त्यांचा अभिमान वाटला. वर्षभर आपल्या घरासाठी राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला कात्री लावून पाळलेली मर्यादा मलाही मान्य झाली नसती. चूक यादीची होती आणि यादी मी तपासली होती.

एकूण खर्च २६,५०० झाला, मर्यादेपेक्षा ४,५०० अधिक. १६ ऑक्टोबरला २०,००० रुपये बोनस आला, त्यातून ही तूट भरली आणि उरलेले १५,५०० मुलीच्या नावाने मुदत ठेवीत गेले. तिच्या ३१,००० पैकी अर्धी रक्कम परत झाली. कार्डावर दिवाळीचा एक रुपयाही राहिला नाही.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज झाली. थोरल्या बहिणीने ओवाळले, ५०१ रुपयांचे पाकीट घेतले आणि मुलांसाठी आणलेली भारी खेळणी तिने नेहमीप्रमाणे दिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण वहिनी सांगतात की, ताट ठेवताना तिने पाकीट उघडून पाहिले नाही, ते तसेच पर्समध्ये सारले, आणि ते पाहून त्यांना फार संकोचल्यासारखे झाले.

वेगळे काय करता आले असते

२०२४ मध्ये निर्णय फिरवता येण्याजोगा क्षण दिवाळीत नव्हताच, तो २५ ऑक्टोबरला होता. बोनस १६,००० रुपयांनी कमी आला, हे त्या दिवशी स्पष्ट झाले होते. सोने आणि बऱ्याचशा भेटी त्यानंतर घेतल्या गेल्या, म्हणजे जवळजवळ १५,००० रुपयांचा खर्च तेव्हाही थांबवता आला असता. दादांनी बोनसचा आकडा घरी सांगितला तो लक्ष्मीपूजन झाल्यावर. सणात घरातल्यांचा विरस होऊ नये, ही त्यांची भावना मी समजू शकते. पण ती बातमी त्यांनी त्याच संध्याकाळी सांगायला हवी होती.

नोव्हेंबरचे बिल आले तेव्हाही मार्ग होता. आवर्त ठेव त्याच वेळी मोडली असती, तर व्याज आणि करापोटी गेलेल्या ७,६८० रुपयांपैकी बहुतेक रक्कम वाचली असती. त्यासाठी किमान देय रकमेचा खरा अर्थ कळणे आवश्यक होते. बिलावर व्याजाचा दर छापलेला असतो, परंतु तो वाचून तेवढ्यावरून व्याज रुपयांत मांडण्याची सवय आपल्याकडे फार थोड्यांना आहे.

माझ्या हातून झालेली मोठी चूक ओवाळणीच्या बाबतीतली आहे. बहिणींशी बोला, असे मी सुचवले, परंतु केव्हा आणि कसे बोलावे, याचा विचार मी केला नाही. ऑक्टोबरमध्ये, फोनवर, तिची खरेदी झालेली असताना केलेली सूचना थोरलीला ‘तुझ्या भेटी नकोत’ अशी ऐकू आली असणार. हे बोलणे गणपतीच्या आधी, तिच्या घरी जाऊन आणि वहिनींनी करायला हवे होते. कार्डाच्या कर्जाची सर्व हकिगत तिला मोकळेपणाने सांगितली असती, तर ती दुखावली नसती, असे मला आता वाटते, कारण तिने सायकल दिली ती प्रेमाने, परतफेडीची अपेक्षा ठेवून नव्हे.

आईंनाही आम्ही वहीपासून दूर ठेवले. त्यांच्या हाताशी थोडे पैसे असतात आणि नातवंडांवर त्या ते खर्च करतात. ऑगस्टमध्ये मर्यादा ठरवताना त्या तेथे असत्या, तर पोस्ताची ओळ त्यांनी नक्कीच लिहून घेतली असती, कारण आजवर ती पाकिटे त्यांच्याच हातून दिली गेली आहेत.

२०२६ ची वही वहिनींनी जानेवारीतच सुरू केली आहे आणि या वेळी ती आईंच्या हातात आहे. पोस्त पहिल्याच ओळीत आले आहे. दुसऱ्या ओळीत आईंनी ‘अधिक महिना’ असे लिहायला लावले. या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. दोन जावयांचे वाण, तेहतीस अनारसे आणि चांदीचा दिवा हा तीन वर्षांतून एकदाच येणारा खर्च माझ्या ध्यानातही आला नव्हता. ते वाण देण्याच्या निमित्ताने वहिनी थोरल्या नणंदेकडे स्वतः जाणार आहेत आणि भाऊबीजेचे बोलणेही तेव्हाच करणार आहेत.